न आलेल्यांची यादी : माण तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या प्रकल्प नोंदी

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार

ओपीडी आटोपल्यावर सिस्टर आणि मी (इथली समुदाय आरोग्य अधिकारी) सतरंजी अंथरली आणि कपाटातली बीपीची सगळी कार्डं तिच्यावर मांडली. १८६ भरली. मे, जून, जुलै या तीन महिन्यांत एकदा तरी येऊन गेलेले उजवीकडे, न आलेले डावीकडे. उजवीकडे १०९, डावीकडे ७७.

उजवीकडच्या १०९ पैकी शेवटच्या भेटीत बीपी १४०/९० च्या खाली, म्हणजे काबूत, असलेले ७१ निघाले. म्हणजे शंभरात ६५. हाच आकडा मी महिन्याच्या बैठकीत सांगत आले आणि शाबासकीही घेत आले. पण भागायला हवं १८६ ने. तसं भागलं की शंभरात ३८ च उरतात.

सिस्टर बराच वेळ डाव्या ढिगाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे आपण आजपतूर आलेल्यांचंच बगत हुतो की."

सातारा जिल्ह्याला हे काम नवं नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला तो चार जिल्ह्यांत : भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा. ठरलेली मोजकी औषधं, ठरलेल्या पायऱ्या, प्रत्येकाचं कार्ड, गोळ्या घराजवळच्या केंद्रात आणि दर तिमाहीला हिशोब. पद्धत चांगली आहे. हिशोब करताना चुकले ती मी. ही वही त्या ७७ जणांसाठी.

५ ऑगस्ट, सोमवार

गावातल्या चपलांच्या दुकानातून रिकामी खोकी आणली. बारा महिन्यांचे बारा खण, आणि चालू महिन्याच्या खणात पुठ्ठे घालून आठवड्यांचे भाग. पेशंट गोळ्या घेऊन गेला की त्याचं कार्ड पुढच्या तारखेच्या खणात जाणार. शनिवारी संध्याकाळी त्या आठवड्याच्या भागात जी कार्डं शिल्लक, ते लोक आले नाहीत. सोमवारी सकाळी ती नावं आशाताईंच्या हातात.

फोनमधल्या ॲपमध्येही थकलेल्या भेटींची यादी निघते, ती मी काढतेच. पण वरच्या दोन वस्त्यांवर रेंज नाही, आणि खोक्यात राहून गेलेलं कार्ड येता-जाता डोळ्यांत खुपतं. खोकं टेबलावर ठेवलंय, कपाटात नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सात दिवसांत ७७ पैकी ४३ जणांचा पत्ता लागला. काहींना फोन, बाकीच्यांकडे आशाताई, आरोग्यसेवक दादा आणि मी प्रत्यक्ष गेलो. कारणं जशी कळली तशी लिहिते.

चार जण वारले आहेत. त्यातले एक बाबा जाऊन वर्ष उलटून गेलं. आशाताईंना माहीत होतं, गावाला माहीत होतं, त्यांच्या कार्डावर मात्र ‘पुढील भेट’ लिहिलेलं. हे फार लागलं मनाला.

अकरा जण म्हसवड किंवा दहिवडीच्या मेडिकलमधून स्वतःच्या पैशाने गोळ्या घेतायत. म्हणजे ते उपचारातून सुटलेले नाहीत, आमच्याकडून सुटलेत. त्यातल्या एका मामांना विचारलं, इथे फुकट मिळतात तर तिकडे का? ते म्हणाले, "मागं दोनदा आलो, गोळ्या संपल्यात म्हणाला. मग कशाला हेलपाटा घालू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फोन नंबर चुकीचे किंवा दुसऱ्याचे. आजीच्या कार्डावर नातवाचा नंबर, आणि नातू गलाईला केरळात. इथल्या आणि खालच्या आटपाडी, खानापूर, विटा भागातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. पोरं तिकडे, म्हातारी माणसं इकडे. फोन तिकडे वाजतो. यापुढे कार्डावर दोन नंबर : एक घरातला, एक शेजारचा. शेजाऱ्याला सांगितलेलं चालेल का, हे आधी पेशंटलाच विचारायचं.

"बरं वाटतंय" म्हणून थांबलेले नऊ जण. यात त्यांचा काय दोष? बीपीचं दुखणं दुखत नाही. गुडघा दुखतो म्हणून माणूस तीन किलोमीटर चालत येतो, न दुखणाऱ्या गोष्टीसाठी का यावं, हे आम्ही त्यांना कधी बसून सांगितलं? कार्ड केलं तेव्हा ओपीडीत रांग होती. दोन मिनिटांत गोळ्या दिल्या आणि "रोज घ्या" म्हणालो.

आणि वरच्या वस्तीवरच्या आजी. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

आजींची अम्लोडिपिन ही बीपीची गोळी एप्रिलमध्ये ५ मिलिग्रॅमवरून १० वर नेली होती. मे महिन्यापासून त्या आल्या नाहीत. घरी गेलो तेव्हा ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. गोळ्यांची पाकिटं देवळीत, हळदी-कुंकवाच्या करंड्यामागे नीट ठेवलेली, अर्धी भरलेली. आधी म्हणाल्या विसरले, मग म्हणाल्या संपल्या. चहा झाला, सुनेच्या बाळंतपणाचं बोलणं झालं, तेव्हा हळूच म्हणाल्या, "बाय, ती गोळी खाल्ली की पाय सुजत्यात. माझ्या जावंचं असंच पाय सुजलं आन किडनी गेली. म्हून म्या सोडली."

अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, डोस वाढला की जास्त. हे पुस्तकात पहिल्याच ओळीत असतं. किडनी खराब झाल्याची ती खूण नसते, गोळी बदलली की सूज उतरते. आजींना हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हाला सांगून रागावून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. जावेचं मरण डोळ्यांसमोर असताना त्यांनी जो निर्णय घेतला तो त्यांच्या जागी मीही घेतला असता. पाय तपासले, लघवी तपासली, बीपी १७२/९६. औषध मी बदलू शकत नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. दुसऱ्या दिवशी ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारी व्हिडिओ सल्ल्यातून, डॉक्टरांशी आजींची गाठ घालून दिली. अम्लोडिपिन पुन्हा ५, जोडीला टेल्मिसार्टन ४० ही बीपीची दुसरी गोळी, आणि किडनीचं काम बघायला रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन.

कार्डाच्या मागच्या बाजूला आता एक ओळ छापल्यासारखी हाताने लिहितोय : गोळीने काही त्रास होतो का? पाय सुजतात का? दर भेटीला विचारायचं, आणि विचारताना आवाज चौकशी लावल्यासारखा नको.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आजचा दिवस मोजण्याच्या पद्धतीवर. उजवीकडची जुनी कार्डं वाचताना दिसलं की पाऱ्याच्या आणि काट्याच्या मशीनच्या काळातले बहुतेक आकडे शून्याने संपतात. १३०/८०, १४०/९०, १३०/८०. माणसाचं रक्त असं दहाच्या पटीत वाहत नाही. कान आणि डोळे थकले की हात गोल आकडा लिहितो. आता डिजिटल मशीन आहे, तरी आकडा बरोबर येण्यासाठी बसण्यापासून सगळं बरोबर लागतं.

आमच्याकडे पेशंटला बसायला स्टूल होतं. पाठीला टेका नाही, पाय लोंबकळत, हात हवेत धरलेला. या प्रत्येकाने आकडा चढतो. पेशंट चालत आलेला, दम लागलेला, आणि आम्ही पट्टा बांधता बांधता विचारतो, "काय मावशी, पेरणी झाली का?" बोलण्यानेही चढतो. लघवी लागली असेल तरी चढतो. अर्ध्या तासात चहा झाला असेल, तंबाखू किंवा मिशरी लावली असेल तरीही. मिशरीचं बायका स्वतःहून सांगत नाहीत, सिस्टरांनीच एकीकडे घेऊन विचारायचं असं ठरलं.

शाळेच्या मुख्याध्यापकांकडून पाठ असलेल्या दोन खुर्च्या मागून आणल्या. हात ठेवायला टेबल, टेबलावर घडी घातलेली चादर, म्हणजे पट्टा छातीच्या उंचीला येतो. बाहेर पडवीत पाच मिनिटं गप्प बसायची जागा. भिंतीवर घड्याळ.

पट्ट्याचं मापही बघितलं. मशीनबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी असतो. टेपने मोजायला लागल्यावर कळलं, आमच्या कित्येक आज्यांचे दंड २२ च्याही आत आहेत. दंडाच्या मानाने पट्टा मोठा पडला की आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. उलट दोन-तीन काकूंचे दंड ३२ च्या पुढे, त्यांचा जास्त दिसणार. लहान आणि मोठा पट्टा मागवलाय. दंडाचं माप कार्डावर एकदाच लिहून ठेवायचं.

पहिला आकडा १४०/९० च्या वर गेला की दोन-तीन मिनिटांनी पुन्हा. १८०/११० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, उद्यावर नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपती. ओपीडीत आठच जण. दोन घरभेटी. आजींचे पाय उतरलेत. बीपी १४६/८८. त्यांनी मला पाय पुढे करून दाखवले.

१८ सप्टेंबर, बुधवार

प्राथमिक आरोग्य केंद्रात बैठक. मी २८ कार्डं घेऊन गेले होते. ही सगळी नियमित येणाऱ्यांची. लागोपाठ तीन भेटींत १४०/९० च्या वर, आणि तिन्ही वेळा तीच गोळी, तोच डोस. पेशंटनी त्यांचं काम केलं होतं : आले, गोळ्या घेतल्या, खाल्ल्या. आमच्याकडून पुढची पायरी चढली गेली नव्हती.

बोलायला धीर लागला, कारण डोस वाढवणं डॉक्टरांचं काम आणि आमच्या डॉक्टर मॅडम दिवसाला शंभराच्या वर पेशंट बघतात. पण त्यांनी स्वतःच एकेक कार्ड हातात घेतलं. "१४८ दिसलं की वाटतं आज उन्हातून आला असेल, पुढच्या वेळी बघू," असं त्याच म्हणाल्या. पुढच्या वेळीही ऊन असतंच.

ठरलं ते असं. बीपी नीट बसवून, दोनदा मोजून चढा आला आणि गोळ्या रोज घेतल्याची खात्री झाली, तर कार्डाच्या कोपऱ्यात मी लाल ठिपका देणार. लाल ठिपक्याचं कार्ड आलं की मॅडम त्याच दिवशी पायरी बदलणार किंवा न बदलण्याचं कारण कार्डावर लिहिणार. अम्लोडिपिन ५, मग टेल्मिसार्टन ४० ची जोड, मग दोन्हींचे डोस वाढवणं, मग क्लोरथॅलिडोन. गरोदर होऊ शकणाऱ्या बाईला टेल्मिसार्टन देण्याआधी सिस्टर तिच्याशी बोलणार, ते औषध गरोदरपणात चालत नाही.

आजच २८ पैकी १९ जणांची औषधं बदलायचं ठरलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

परवा घट बसतायत. गेल्या वर्षीची कार्डं बघितली तर नवरात्रानंतरच्या आठवड्यात बायकांचे आकडे चढलेले आहेत. कारण सगळ्यांना माहीत आहे : नऊ दिवसांचा उपास, आणि गोळी उपाशीपोटी कशी घ्यायची?

आज बचत गटाच्या बैठकीत त्यावरच बोलले. बीपीची अम्लोडिपिन उपाशीपोटी चालते, पाण्याबरोबर घ्या, तिने उपास मोडत नाही. देवीसमोर दिवा लावायच्या वेळेला गोळी घ्यायची असं एकीनेच सुचवलं, सगळ्यांना पटलं. पण साखरेच्या गोळीचं तसं नाही, हे तीनदा सांगितलं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, भोवळ येते. ज्यांना साखर आहे त्यांनी उपास धरण्याआधी भेटायचं. सात जणी थांबल्या. तिघींनी नऊ दिवसांऐवजी उठता-बसता करायचं ठरवलं.

साबुदाण्याची खिचडी आणि तळलेल्या पापड्यांबद्दलही बोलणार होते. वेळ झाली नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

हे लिहायला दोन दिवस लागले.

शनिवारी पहाटे साडेपाचला खालच्या आळीतले एक दादा म्हैस पिळायला बसले आणि त्यांच्या हातातून चरवी सुटली. तोंड एका बाजूला ओढलं, उजवा हात उचलेना, बोलताना जीभ अडखळायला लागली. वय ४७. घरच्यांना वाटलं अंगावरून वारं गेलं. गावातल्या एकाला बोलावून तेलाने चोळलं. थोडं उजाडू दे, थोडी हुशारी येऊ दे, असं करता करता आशाताईंचा मला फोन आला तो पावणेदहाला. १०८ आली. सीटी स्कॅन होणाऱ्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली होती. स्कॅनमध्ये गुठळी निघाली. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव नाही हे स्कॅनवर दिसल्याशिवाय देता येत नाही. साडेचार तास संपून गेले होते.

दादा आमच्या ७७ मध्ये होते.

त्यांचं कार्ड समोर ठेवलंय. जानेवारीत १६४/१०२. फेब्रुवारीत एकदा आले. पुढे कोरं. ऑगस्टमध्ये आशाताई दोनदा त्यांच्या घरी गेल्या, दोन्ही वेळा ते कामावर. वहिनींजवळ निरोप ठेवला. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘निरोप दिला’ असं लिहिलेलं आहे आणि मी ते पान उलटलं. निरोप दिला म्हणजे माणूस भेटला नाही, एवढंही मला त्या दिवशी दिसलं नाही.

ते खडी क्रशरवर कामाला. सकाळी साडेसातला त्यांची गाडी निघते, संध्याकाळी अंधार पडल्यावर परत. आमचं उपकेंद्र नऊला उघडतं आणि संध्याकाळच्या आत बंद होतं. एका दिवसाचा रोज बुडवल्याशिवाय त्यांना आमच्याकडे येताच आलं नसतं. यादी चाळली. तिशी ते पन्नाशीचे पुरुष जवळजवळ सगळे डावीकडे.

दोन गोष्टी करायच्या. एक, लकव्याच्या खुणा घराघरात पोचवायच्या : चेहरा वाकडा, हात गळाला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी चोळत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि पहिलं लक्षण किती वाजता दिसलं ती वेळ लिहून ठेवायची. दुसरी, जिथे हे पुरुष रोज जातातच तिथे आपण जायचं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

ते रोज जातात ती जागा म्हणजे दूध संकलन केंद्र. पहाटे सहा ते साडेसात. संस्थेच्या सचिवांना भेटले. पशुखाद्याची पोती ठेवतात त्या खोलीत तीन खुर्च्या आणि टेबल मांडायला ते लगेच तयार झाले. त्यांचा चुलतभाऊ तो दादा.

आज पहिला दिवस. पहिल्या अर्ध्या तासात आमची चूक कळली. किटली घेऊन सायकलवरून, मोटारसायकलवरून माणूस येतो, हातावर तंबाखू मळलेली असतेच. तसाच पट्टा बांधला तर आकडा तंबाखूचा. आणि मी एकाचा आकडा मोठ्याने सिस्टरांना सांगितला तर मागचे चौघे हसले, पाचवा रांगेतून निघून गेला. त्याला मी घालवलं.

मग क्रम बदलला. आधी दूध घालायचं, फॅटची पावती घ्यायची, आत येऊन पाच मिनिटं बसायचं. आकडा चिठ्ठीवर लिहून हातात द्यायचा, तोंडाने नाही. तंबाखू झाली असेल तर उद्या, मळण्याआधी. आशाताईंनी रात्रीच घरोघर सांगून ठेवायचं. ज्यांची कार्डं आहेत त्यांना तिथेच महिन्याच्या गोळ्या. नव्याने चढा निघालेल्यांना एका मोजणीवर पेशंट ठरवायचं नाही, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं आणि मग डॉक्टरांकडे.

दर शुक्रवारी जाणार. त्या दिवशी माझी ओपीडी एक तास उशिरा सुरू होईल, त्याची परवानगी लेखी घेतली.

६ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी झाली. मेंढपाळांचे वाडे हलायला लागले. आता पश्चिमेकडे, बागायत पट्ट्यात आणि पुढे, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत. यांच्यातले सहा जण कार्डावर आहेत, आणि दरवर्षी नोव्हेंबर ते जून त्यांचं कार्ड कोरं.

तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला मॅडमनी मान्यता दिली, बीपी काबूत असलेल्यांना. ज्यांचा काबूत नाही त्या दोघांना महिन्याच्या दिल्या आणि कार्डाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली : वाटेत कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवा, त्याच गोळ्या मिळतील. एक आबा पिशवी पटक्यात खोचत म्हणाले, "मेंढरांच्या लसीचं कार्ड हाय, तसंच हे की." अगदी तसंच.

३ डिसेंबर, मंगळवार

काल देवदिवाळी, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ. अर्धा तालुका तिकडे. गलाईची पोरं गावी आलेली, त्यामुळे फोन नंबर दुरुस्त करायला बरा दिवस. बावीस कार्डांवरचे नंबर बदलले. पोरांना आई-वडिलांच्या गोळ्यांची नावं लिहून दिली.

टेल्मिसार्टन संपली. गेल्या गुरुवारपासून. शेजारच्या उपकेंद्रातून उसनी आणली, प्रत्येकाला पंधरा दिवसांची देतेय. ज्या मामांना पूर्वी दोनदा रिकाम्या हाताने परत जावं लागलं होतं ते आजच पुन्हा आले होते. त्यांना पूर्ण महिन्याच्या दिल्या. दुसऱ्या कोणाच्या वाट्यातून गेल्या हे मला माहीत आहे.

साठा का संपतो ते आज फार्मासिस्टबरोबर बसून शोधलं. मागणी जाते ती मागच्या महिन्यांत वाटलेल्या गोळ्यांवरून. मागच्या महिन्यांत न आलेले लोक त्या मागणीत नसतात. म्हणजे आम्ही घरोघर फिरून माणसं परत आणायची, आणि ती आली की गोळ्या नाहीत. मग ती पुन्हा जाणार, आणि पुढच्या मागणीत पुन्हा नसणार. ऑगस्टमधली माझ्या टक्क्यांची चूक आणि ही चूक एकच आहे, फक्त ही गोळ्यांमध्ये झालेली.

नवी मागणी कार्डांवरून केली : त्या गोळीवर असलेली सगळी नोंदलेली माणसं, गुणिले रोजच्या गोळ्या, गुणिले ९० दिवस, वर आणखी एका महिन्याचा राखीव साठा, वजा हातातला साठा. मॅडमनी सही केली. वरून प्रश्न आला की मागणी एकदम का वाढली. चार ओळींचं उत्तर पाठवलंय, सोबत खोक्यातल्या कार्डांची मोजणी.

१३ डिसेंबर, शुक्रवार

टेल्मिसार्टन आली. मागितली तेवढी नाही, पण पुरेल. दूध केंद्रावर आज चौदा जण, सगळे तंबाखू न मळता.

८ जानेवारी २०२५, बुधवार

मिठाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी. हे मी दोन वर्षं सांगतेय आणि कोणाच्या घरात ५ ग्रॅमचं माप नाही. म्हणून प्रश्न उलटा केला : "मिठाची पुडी किती दिवस जाते?" पाच माणसांच्या घरात एक किलोची पुडी ४० दिवस तरी जायला हवी. हे बायकांना तोंडपाठ असतं. आज हळदी-कुंकवाच्या आधीच्या गटाच्या बैठकीत विचारलं, उत्तरं आली पंधरा दिवस, अठरा, वीस.

एक काकू म्हणाल्या, त्यात म्हशीच्या आंबोणाचंही मीठ आलं. बरोबर, ते वेगळं धरायला हवं. मग सगळ्याजणी हिशोबाला बसल्या. जनावराचं खडेमीठ वेगळं, लोणच्याचं वेगळं, रोजच्या स्वयंपाकाचं वेगळं. खर्डा-भाकरीवर दिवस काढणाऱ्या माणसाला मीठ सोडा असं मी म्हणणार नाही, तेच त्याचं कालवण असतं. ठरलं एवढंच : भाकरीच्या पिठात मीठ घालायचं बंद, ताटात वरून मीठ वाढायचं बंद, आणि पुडीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहायची. सैंधव मीठ चालतं का, असं दोघींनी विचारलं. तेही मीठच, हिशोब तोच.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज पुन्हा सतरंजी.

ऑगस्टच्या १८६ मधले चार वारलेले, नऊ जण कायमचे मुलांकडे गेलेले. राहिले १७३. नोव्हेंबर ते जानेवारीत आलेले १३८. त्यात १४०/९० च्या खाली ८९. न आलेले ३५.

आलेल्यांमध्ये भागलं तर शंभरात ६४. ऑगस्टमध्ये ६५ होते. जुन्या पद्धतीने अहवाल लिहिला असता तर सहा महिन्यांत एकाने घसरलो असं दिसलं असतं. १७३ ने भागलं तर ५१. वारलेले आणि गेलेले वगळले की टक्का आपोआप फुगतो, म्हणून १८६ नेही भागून ठेवते : ४८. तेव्हा ३८ होते. अहवालात तिन्ही आकडे लिहिलेत आणि भाजक प्रत्येकापुढे लिहिलाय.

आलेल्या आणि अजून चढा असलेल्या ४९ जणांमध्ये बरेचसे गेल्या दोन-तीन महिन्यांत परत आलेले आहेत. त्यांची पायरी आत्ता कुठे बदलतेय. वरच्या वस्तीवरच्या आजी १३४/८२. दादा काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात, उजवा हात अजून नाही, बीपी १२८/८०.

३५ नावं सिस्टरांनी वाचली, मी लिहिली. सतराव्या नावाला सिस्टर थांबल्या. वहिनींचं, म्हणजे दादांच्या बायकोचं कार्ड. त्यांनाही बीपी आहे, २०२३ पासून. शेवटची भेट १४ ऑक्टोबर, दादांना झटका येण्याच्या पाच दिवस आधी. त्यानंतर दादांना बघायला मी त्या घरी तीनदा गेले, आशाताई दर आठवड्याला जातात. दर वेळी वहिनींनी खुर्ची पुढे केली, दादांचा हात टेबलावर ठेवून दिला, पाणी आणून दिलं. आम्ही दादांचा बीपी मोजला आणि निघालो. त्यांच्या गोळ्या नोव्हेंबरच्या मध्यालाच संपल्या असणार.

सोमवारी बाकीची ३४ नावं आशाताई आणि आरोग्यसेवक दादा वाटून घेणार. वहिनींकडे मी उद्या सकाळीच जातेय. कार्डावर दंडाचं माप नाही, टेप बरोबर घेतलाय. दोन्ही पट्टे, मशीन, आणि महिन्याच्या गोळ्या पिशवीत भरून ठेवल्यात.